कळल्याची वेळ

जालना रोडवर मुकुंदवाडीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि शेजारच्या सीटवर टाकलेला फोन थरथरला. एरवी मी गाडीत फोन बघत नाही. माझी बायको सुरेखा शेजारी नसली तरी तिचा आवाज ऐकू येतो. पण सिग्नल लांबलचक होता आणि हात आपसूक गेला. ‘समस्त भावकी’ ग्रुपवर गोकुळनं त्याच्या वडिलांबद्दल लिहिलं होतं, की आमचे वडील रामकिसन तात्या आज पहाटे वारले, अंत्यविधी दुपारी चार वाजता, मुकुंदवाडी. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि मी बघत असतानाच ती लांबत होती. तात्यांचं घर तिथून उजव्या हाताला, दोन गल्ल्या आत. स्टेशनात एखादी गाडी शिरली की त्या घरातली भांडी वाजायची, हे मला अजून आठवतं. सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तो जणू मलाच दिला असं वाटून मी गाडी पुढं काढली, आणि उजवीकडं न वळता सरळ चिकलठाण्याला, ऑफिसला निघालो. वळायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. गाडी रोज जिकडं जाते तिकडं गेली.

रामकिसन तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, चुलत भाऊ. चुलत हा शब्द पुढं आला. आधी दोघं एका चादरीत झोपलेले, एका बैलाच्या लाथा खाल्लेले. माझं लग्न व्हायच्या आधीपासून दोघांत अबोला. कारण ऐकलं तर ऑफिसातली मंडळी हसतील. मुकुंदवाडीची आमची जमीन प्लॉटसाठी गेली तेव्हा बांधावर आमचा म्हसोबा होता, शेंदराचे थर चढून मूळ दगड कसा होता ते विसरलेला. तो देव तिथून हलला आणि अण्णांना बोलावणं गेलं नाही. अण्णा म्हणतात, रामकिसननं मुद्दाम माझ्या मागं देव उचलला. तात्यांचं म्हणणं, सकाळी माती उकरायचं मशीन येणार होतं, भाऊ गावाला गेलेला, मग देव काय मशीनखाली घालायचा? गोकुळ मला एकदा शहागंजात भेटला, तेव्हा पेरूच्या गाड्याआड उभं राहून म्हणाला होता की देव तात्यांनी काढलाच नाही. मशीनवाल्यानं उचलून बाजूला ठेवला होता, तात्यांनी नुसता घरी आणला. तिघांपैकी कुणी खोटं बोलत असेल असं मला कधीच वाटलं नाही, आणि तेच मला जड जातं. एक खोटा निघाला असता तर सगळं केव्हाच मिटलं असतं. देव हलला तो हलला, भाऊही हलले. तात्या मुकुंदवाडीत राहिले, आम्ही रस्ता ओलांडून सिडकोत आलो. मध्ये एक रस्ता. तोही रोज ओलांडायचा.

अण्णांकडं साधा फोन आहे, बटणांचा. भावकीतलं कुणी त्यांना कळवणार नाही. अबोल्याचा मान सगळे राखतात, आपल्याकडं भांडणाचे मान लग्नातल्या मानापेक्षा जास्त सांभाळले जातात. म्हणजे ही बातमी अण्णांपर्यंत गेली तर माझ्यातूनच जाणार होती. आणि मला ती द्यायची नव्हती. हृदयाचं दुखणं, वय, दुपारचं जेवण, संध्याकाळी सांगू, अशी कारणं मी चिकलठाण्यापर्यंत एकेक लावून बघितली, सगळी मापात बसत होती. खरं कारण पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर कळलं. अण्णा ‘बरं झालं’ म्हणतील याची मला भीती वाटत होती. त्यांना सांगितलं नाही तोवर ते तसं म्हणालेले नव्हते. विमानतळावरून एक विमान अगदी खालून उठलं, त्याची सावली गाड्यांच्या टपांवरून पळत गेली, आणि मी तसाच बसून राहिलो.

मी काय काम करतो ते मी सुरेखाला कधी नीट सांगू शकलेलो नाही. लढाईत निरनिराळी दलं, कधी निरनिराळ्या देशांची सैन्यं एका बाजूनं उभी राहतात. प्रत्येकाचे संगणक वेगळे, सवयी वेगळ्या. एकानं पूल म्हटलं तर दुसऱ्याच्या पडद्यावर पूलच उमटावा, यासाठी माहितीचा एक सामाईक साचा करतात. तो साचा करणाऱ्या शंभर हातांतले दोन हात माझे. सुरेखाला वाटतं मी नकाशे काढतो. सुरुवातीला मलाही वाटायचं. पण नुसत्या पुलाला लढाईत काही अर्थ नसतो. पूल शाबूत आहे, हे कोण म्हणतं? कधी बघितलं त्यानं? स्वतः बघितलं की ऐकलं? त्याच्यावर विश्वास किती? एकाच्या बेतात तोच पूल उद्या उडालेला असतो, दुसऱ्याच्या अंदाजात तो कालच पडलाय, आणि पुलावर उभ्या माणसाच्या पायाखाली तो आत्ता आहे. या सगळ्या गोष्टी एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी ठेवायच्या, प्रत्येकीभोवती तिचं तिचं कुंपण घालायचं. त्या कुंपणाला आम्ही संदर्भ म्हणतो. आमच्या टीमकडं या संदर्भांचंच काम आहे. रणांगण मी आयुष्यात बघितलेलं नाही; चाचणीसाठी एक खोटा मुलूख केलेला आहे, एक नदी, त्यावर पूल, पलीकडं एक बोडकी टेकडी. कुठल्याच देशातला नाही. ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी त्या मुलखात जाऊन बसतो. तिथं नेहमी दुपार असते आणि नदीला आवाज नसतो.

त्या दिवशी मोठ्या पडद्यावर तोच मुलूख लावला होता, कारण दुपारी ग्राहकाला नवी आवृत्ती दाखवायची होती. मी कोपऱ्यात बसून नोंदी तपासत होतो, म्हणजे तपासतोय असं दिसत होतं. प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात, घटना घडली ती आणि कळली ती. या दोन रकान्यांवर माझं फार प्रेम. नवीन मुलं दोन्हीत एकच वेळ टाकून मोकळी होतात आणि मी त्यांना ओरडतो, की बाबांनो, जग या दोन वेळांच्या मधल्या फटीत चालतं. हे ज्ञान मला परिषदांमधून मिळालेलं नाही. आई म्हणायची, सुतक मेल्यापासून नसतं, कळल्यापासून असतं. लांबच्या गावी भावकीतलं कुणी गेलं आणि पत्र उशिरा आलं, तर पत्र वाचलेल्या घडीपासून चूल, देव, हळदकुंकू सगळं बदलायचं. तोवर घरात पुरणपोळी झाली असली तरी दोष नाही. ज्याला ठाऊक नाही तो शुद्ध. म्हणजे अण्णा या वेळी आमच्या सिडकोतल्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत शुद्ध बसले होते, आणि मी सिग्नलपासून सुतकात होतो. एकाच घरातल्या दोन माणसांत एवढं अंतर कसं पडलं, असं मी स्वतःला विचारत होतो आणि पडद्यावरच्या पुलाकडं बघत होतो. पुलावरून एक माणूस चालत येताना मला दिसला. पांढरं धोतर, डोक्याला पटका, काखेत छत्री, चालताना उजवा खांदा किंचित खाली. तात्या असेच चालायचे. लहानपणी गोकुळ आणि मी त्यांच्या मागं तसंच खांदा पाडून चालायचो, आणि ते मागं न बघता म्हणायचे, नीट चाला रं माकडांनो. आमच्या साच्यात प्रत्येक गोष्टीला एक बाजू लावावी लागते, आपला, शत्रू, तटस्थ, अजून न कळलेला. पुलावरच्या माणसाला काय लावू? अण्णांच्या कुंपणात ते शत्रू. माझ्या कुंपणात ते मला पहिल्यांदा विहिरीत सोडून पोहायला शिकवणारे, पोटाखाली हात धरून. त्यांचा तो हात मला पोटाखाली एकाएकी जाणवला, खरखरीत आणि मोठा, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या हलका झालो, पाण्याच्या वासासकट.

“सर, नारळ,” फरहान म्हणाला.

फरहान माझ्या टीममधला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बोलका मुलगा. त्याच्या अब्बांचं शहागंजात गाद्या-उशांचं दुकान आहे. आमच्याकडं नवी आवृत्ती दाखवायच्या आधी सर्व्हरच्या खोलीबाहेर नारळ फोडतात. संगणक कितीही शिकले तरी नारळाशिवाय उपग्रहसुद्धा उठत नाहीत. तो मान माझा. दरवर्षी मी फोडतो, पाणी गालिच्यावर सांडतं, हाउसकीपिंगवाले चिडतात. सगळे जमले होते, कुणीतरी दगडसुद्धा आणला होता. फरहाननं नारळ माझ्या हातात दिला. शेंडीसकट, गार. मी तो धरून उभा राहिलो. फोडला असता तर कुणाला काय कळलं असतं? माझ्यापुरता मी सुतक मानतो असंही नाही. मी अंडं खाऊन देवळात गेलेला माणूस. पण नारळ फोडणं म्हणजे रामकिसन नावाचं माझं कुणी नव्हतं असं चारचौघांत सांगणं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि हात वर जाईना. मी नारळ फरहानकडं परत दिला. म्हणालो, आज तू फोड. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, बढती झाली म्हणाले. फरहाननं एका घावात दोन सारख्या वाट्या केल्या आणि पाण्याचा एक थेंब सांडू दिला नाही. मग सगळे खोबरं खायला लागल्यावर तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला.

“सर, तुमच्यात कोणी गेलं का?”

मी म्हणालो, लांबचे एक काका. लांबचे हा शब्द मला स्वतःलाच टोचला. त्यानं पुढचं विचारलं, घरी सांगितलं का. मी जे सांगू नये ते सगळं त्याला सांगून बसलो, म्हसोबा, अबोला, अण्णा काय म्हणतील ती भीती. एवढ्या वर्षांत सुरेखाजवळसुद्धा मी हे असं सलग बोललो नव्हतो. तो खोबऱ्याचा तुकडा न खाता नुसता हातात फिरवत होता.

“हमारे में मिट्टी देने को दुश्मन भी आता, सर,” तो म्हणाला. “आणि तुम्ही तुमच्या अब्बांच्या वतीनं ठरवून टाकलं का, ते काय म्हणणार ते?”

मी त्याला म्हणालो, आधी प्रात्यक्षिक होऊ दे. बघा, किती सभ्य वाक्य आहे. ग्राहकाकडून, दिल्लीहून, पडद्यावर एक निवृत्त कर्नल आले, पांढऱ्या मिशांचे, शांत. आमचा मुलूख उलगडला, पूल तीन संदर्भांत तीन परींनी उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला, सगळे खूश झाले. कर्नलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि एकच प्रश्न विचारला. एका चौकीला खबर कळली आणि तिनं ती पुढं दिलीच नाही, तर तुमच्या साच्यात ते कुठं दिसेल? मी म्हणालो, नाही दिसणार, साच्यात फक्त कळवलेलं येतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, न कळवण्याची कारणं असतात, बऱ्याचदा चांगली असतात, खात्री करून घेऊ, सकाळ होऊ दे, उगीच घबराट नको. आणि तोवर टेकडीवरची माणसं तशीच बसून राहतात. मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या कुणाला तरी दुसरं काही विचारलं. मला पुढचं ऐकू येईना. त्या बोडक्या टेकडीवर मी इतकी वर्षं एकही माणूस ठेवलेला नव्हता, आणि आता तिथं अण्णा दिसत होते, बनियनवर, हातात पाण्याचा तांब्या, कुठल्या बाजूनं कोण येतंय याची वाट न बघता, कारण कुणी येणार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सव्वातीन झाले होते. मी उठलो. बैठक चालू असताना मी कधी उठलेलो नाही. फरहाननं माझी खुर्ची हळूच मागं ओढून मला वाट दिली.

घरी अण्णा गॅलरीतच होते. तुळशीची वाळलेली पानं खुडून एका कागदावर ठेवत होते. मी चपलासुद्धा न काढता त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि वाक्य जुळवायला लागलो, आणि वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, “अण्णा, रामकिसन तात्या गेले.” त्यांनी एक पान खुडलं. मग दुसरं खुडायला हात नेला आणि तो हात तिथंच राहिला, झाडात. मी त्यांच्या ओठांकडं बघत होतो. ते ओठ हललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, कधी? मी म्हणालो, पहाटे. त्यांनी मान हलवली, उठले, आत जाऊन सदरा घातला, टोपी घातली, आणि दारात चपला शोधायला लागले, त्या त्यांच्या पायातच होत्या. गाडीत बसल्यावर, सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना, त्यांनी रस्त्याकडं बघत विचारलं.

“तुला कधी कळलं?”

‘आत्ताच’ हा शब्द तोंडात तयार होता. दोन्ही रकाने मला ठाऊक होते, कुठल्या रकान्यात काय टाकलं की कुणाला कळत नाही तेही ठाऊक होतं.

“सकाळी,” मी म्हणालो. “ऑफिसला जाताना.”

एक रस्ता ओलांडायचा होता, आणि तो त्या दिवशी फार रुंद झाला होता. सिग्नल लागला, सुटला. मी एकदा त्यांच्याकडं बघितलं. ते गुडघ्यावरची टोपी हातानं सरळ करत होते, डोक्यावरून ती त्यांनी केव्हा काढली मला कळलं नाही.

“मग घरी बसता आलं असतं जरा त्याच्यापाशी,” ते म्हणाले. त्यात राग असता तर मला सोसला असता.

मी गाडी आधी तात्यांच्या घराकडं घातली. ओसरीवर बायका बसलेल्या होत्या, अंगणात पाणी सांडलेलं होतं आणि घागर आडवी पडली होती. गाडीचा आवाज ऐकून तात्यांच्या पत्नी, मनकर्णाबाई काकू, भिंतीला धरून उठल्या. इतक्या वर्षांनी अण्णा त्यांच्या दारात आलेले. माझ्या मनात आलं, आता काय होतंय. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मघाशीच नेलं, भावजी,” त्या म्हणाल्या. “पळा.”

आणि अण्णा पळाले. गाडी दाराशीच उभी होती, तरी ते माझ्यापुढं पायीच निघाले, स्मशानभूमी जवळच आहे, पण एवढीही जवळ नाही. मी गाडी तशीच आडवी टाकून त्यांच्या मागं धावलो. हृदयाचं दुखणं असलेला म्हातारा मुकुंदवाडीच्या गल्लीतून धोतराचा सोगा हातात धरून धावत होता, पोरं क्रिकेट थांबवून बघत होती, आणि मला एक वेडा, सुटा आनंद झाला. तो मला आजही सांगता येत नाही. ते ‘बरं झालं’ म्हणाले नव्हते. पुढं काहीही होवो.

आम्ही पोचलो तेव्हा सरण रचून झालं होतं. लाकडं तोंडावरसुद्धा आली होती, वर गोवऱ्या. गोकुळ मडकं उचलायला वाकला होता. सगळी भावकी होती, मला ओळखणारी, न ओळखणारी, आणि अण्णांना बघून ती आपोआप दोन्ही बाजूंना सरली. अण्णा सरणापाशी जाऊन उभे राहिले. छाती खालीवर होत होती. त्यांना दिसत होतं ते फक्त लाकूड. मागून एक जण पुटपुटला की एकदा रचलेलं काढत नसतात. सकाळचे ते सगळे तास, नारळ, पूल, कर्नल, माझी सगळी चांगली कारणं त्या लाकडांत रचून ठेवल्यासारखी मला दिसली. मी गोकुळकडं बघू शकलो नाही.

गोकुळनं मडकं उचललं नाही. केस पिकलेला, पोट सुटलेला गोकुळ. कुणाला काही न विचारता तो पुढं आला आणि स्वतःच्या हातानं गोवऱ्या काढायला लागला. मग लाकडं, एक, आणखी एक, आणखी एक. कुणी त्याला अडवलं नाही. तोंड मोकळं झालं. मीही बघितलं. मी ओळखत होतो तो माणूस त्यात फार थोडा होता. गाल आत गेलेले, हनुवटी टोकदार, नाक तेवढं आमच्या सगळ्यांचं. अण्णा वाकले. गुडघा दुखतो म्हणून देवापुढंही न वाकणारे अण्णा एक हात सरणावर टेकून खाली वाकले, इतके, की पुन्हा डोक्यावर घातलेली टोपी पडली. त्यांनी तात्यांच्या कपाळावरून हात फिरवला, तापाचं अंग बघतात तसा.

“लई वाळलास रं, रामकिसना,” ते म्हणाले.

स्टेशनातून गाडी धडधडत गेली. मग अण्णांनी मान वर केली आणि गोकुळकडं बघितलं, रागानं, घरच्या पोरावर धरतात त्या रागानं.

“खाऊ घालत नव्हता का रे याला?”

एवढा बाप्या गोकुळ, नातवंडं झालेला, त्यानं दोन्ही हात पुढं केले, गोवरीचा चुरा लागलेले, दाखवायला आणल्यासारखे.

“घालत व्हतो, अण्णा,” तो म्हणाला. “खायचेच नाय शेवटी शेवटी. लई सांगितलं.”

“मला सांगायचं ना,” अण्णा म्हणाले.

अण्णांनी खाली पडलेली टोपी उचलली नाही. त्यांनी बाजूला ठेवलेलं एक लाकूड घेतलं, ते हलकं आहे का बघितलं, आणि तात्यांच्या तोंडावर अगदी हळू ठेवलं. मग दुसऱ्यासाठी माझ्याकडं हात केला.